बेड्याशी थांबलेला खंड्या

लोकांच्या कुत्र्यांना एका जागी बसायला शिकवणं हा माझा धंदा, आणि मला स्वतःला एका जागी बसवत नाही. हा लेख लिहायला घेतल्यापासून मी चार वेळा उठले. एकदा दूध बघायला, एकदा कुणी हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून, आणि दोनदा उगाचच. आमचे हे म्हणतात, "बावीस वर्षं कसाल ते मालवण स्कूटरवरून कुत्री बसवत फिरलीस, पण तुला बसवणारा कुणी भेटला नाही."

तसा एक भेटला होता. लग्नाआधी पुण्यात मी एका कुत्र्यांच्या निवाऱ्यात झाडलोट करायचे, तिथे फौजेतून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी माझ्या हातात दोरी दिली आणि एका अलसेशियनच्या शेजारी नुसतं उभं राहायला सांगितलं. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कुत्रं अकरा वेळा उठलं. उस्ताद म्हणाले, त्याला ओरडू नकोस, तुझ्या पोटात जी धावपळ चालली आहे ती दोरीतून त्याला कळते आहे. तेव्हापासून एवढं मात्र झालं, की हातात दोरी आली की मी थांबते. दोरी सुटली की पुन्हा सुरू. हल्ली गुडघ्यांमुळे काम बंद केलंय, त्यामुळे दिवसभर सुरूच असते.

आमच्या भागात मी 'कुत्र्यांची बाई' म्हणून ओळखली जाते. आधी लोक हसायचे. कुत्रा म्हणजे भाताचा उरलेला गोळा खाऊन पडवीवर झोपणारा प्राणी, त्याला कसली शाळा? मग मुंबईचे चाकरमानी गावाकडे घरं बांधू लागले, पर्यटक वाढले, घरोघरी लॅब्रेडोर आले. त्यांनी पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारल्या, अंगणातल्या वाळवणात झोपा काढल्या, तेव्हा लोकांना माझा फोन नंबर आठवू लागला.

शिकवायचं फार नसतं. बस, थांब, ये, तोंडातलं सोड, आणि दोरी न ओढता बरोबरीने चाल. एवढं आलं की कुत्रं घरात शोभतं. शिकायला कुत्र्याला महिना लागतो. घरच्यांना किती लागेल ते सांगता येत नाही.

कसालला हायवेलगत एका हार्डवेअरच्या दुकानदाराकडे गेले होते. कुत्रा जवान, हुशार, पण बसायचं नाव नाही. मी खुर्चीत बसून, म्हणजे बसून-उठून, तासभर नुसती ऐकत राहिले. आजोबा म्हणत 'बस रे'. मालक म्हणत 'सिट'. मालकीणबाई म्हणत 'खाली बस बघू शहाण्या'. थोरला मुलगा हिंदी सिनेमातल्यासारखा 'बैठ जा'. आपल्याकडे एक समजूत आहे, कुत्र्याला मालवणी कळत नाही, त्याच्याशी इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलावं लागतं. मी सांगितलं, भाषा कुठलीही चालेल, पण घराचा शब्द एकच असू द्या. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवला. पंधरा दिवसांत कुत्रा बसू लागला. शेवटच्या दिवशी दुकानदाराने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, एक विचारू? आमचो चुलतो भाऊ इलो काय फक्त तेच्यार भुकूक शिकवता येयत?" दोघांचा गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, वाद होता. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा, कुत्र्याला सातबाऱ्यात ओढू नका. मग त्याने चहासुद्धा विचारला नाही.

मालवणच्या मासळी बाजारातल्या शेवंतीबाईंचं वेगळं. त्यांच्या फळीखाली बुल्या नावाचं एक तपकिरी कुत्रं असायचं. गिऱ्हाईक वाकलं की बुल्या त्याच्या पिशवीत तोंड घालून आदल्या फळीवरून घेतलेली सुरमईची तुकडी पळवायचा. शेवंतीबाई वैतागल्या होत्या. "बाये, ह्या मेल्याक कायतरी शिकय. गिऱ्हायका माझ्याकडे येयनाशी झाली."

मी विचारलं, "तो कुंई कुंई करतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करतलंय? पेडवो टाकतंय एक. गप रवाक व्हयो मा?"

"मग तो गप्प राहतो?"

"पेडवो खाऊन होयसर रवता." एवढं बोलून त्या थांबल्या. विळीवरचा हात तसाच. "म्हणजे मी तेका न्हय, तेणा माका शिकयल्यान?"

मी मान हलवली. आजूबाजूच्या चार फळ्या हसायला लागल्या. शेवंतीबाई हुशार बाई, पुढचं मला फारसं सांगावं लागलं नाही. गोणपाटावर गप्प पडून राहिला तरच बारका पेडवा मासा, आवाज केला की काही नाही. दहा दिवसांत बुल्या सुधारला. महिन्याने मी बांगडे घ्यायला गेले तर शेवंतीबाई म्हणाल्या, "आता मी गिऱ्हायकांकय तसाच करतंय. जो घासाघीस करणा नाय, तेका एक बांगडो जास्ती. बघ कशी गप उभी रवतत." खरंच रांगेत सगळी गप्प उभी होती. मीसुद्धा.

असल्या गोष्टी मी कितीही सांगत बसेन. पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो खंड्या, आणि मघापासून मी त्यालाच टाळतेय. दुकानदार काय, शेवंतीबाई काय, हे सगळं मी मुद्दाम मध्ये आणतेय हे मला कळतंय. खंड्याच्या बाबतीत मी चुकले. मला येत नव्हतं म्हणून नव्हे, तर येत असूनही चुकले, आणि ती चूक एका मुक्या जनावराच्या जिवावर बेतली. आता उठायचं नाही, सलग लिहून टाकते.

मालवण तालुक्यातल्या एका गावात आबा राहायचे. एसटीत ड्रायव्हर म्हणून सगळी नोकरी काढली, बायको वारली, घरात मुलगा महेश आणि सून सुलभा. घर गावाच्या अगदी टोकाला. समोर वाफे, वाफ्यांपलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि तो व्हाळ हीच गावाची हद्द. भोवती चिऱ्याचा गडगा आणि वाटेवर बेडं, म्हणजे दोन खांबांत आडव्या काठ्या सरकवायच्या तसलं जुन्या पद्धतीचं फाटक. खंड्या हा आबांचा कुत्रा, गावठी, काळा, एक कान पडलेला. त्याला एकच खोड होती. मोटरसायकल दिसली की बेड्याखालून निसटून मागे धावायचा. एकदा धडक बसून त्याचा पाय मोडला होता. आबांनी फोन केला, "बाई, ह्येका बेड्याच्या भायर पाय टाकूक देव नको. माझ्या डोळ्यादेखत मरात तो एक दिवस."

काम माझ्या आवडीचं होतं. 'थांब' शिकवणं सगळ्यात कठीण. बाहेरच्यांना वाटतं, थांब म्हटलं की कुत्रं थांबलं, संपलं. पण थांबण्याला शेवट असावा लागतो. कुत्र्याला कळायला हवं की हे कधी सुटणार. म्हणून 'थांब' बरोबर सुटकेचा शब्द शिकवतात. आबांचा शब्द होता 'चल', आणि तो म्हणताना खंड्याच्या डोक्यावर हात. आधी तीन आकडे मोजेपर्यंत थांबायचं, मग दहा, मग आबा पडवीवर जाऊन येईपर्यंत. मग बेडं उघडं टाकून. मग समोरून कोंबड्या, बकरी, महेशची मोटरसायकल.

शेवटी परीक्षा. बेड्याबाहेर मी स्वतः उभी राहायचे, हातात तळलेल्या बांगड्याचा तुकडा, आणि जितकं गोड बोलता येईल तितकं गोड बोलून खंड्याला हाका मारायचे. तो हलला नाही की आतून आबा त्याला तुकडा भरवायचे. हे आठवडाभर केलं. माझी हाक म्हणजे आणखी घट्ट बसायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्या हाताखालून गेलेल्या कुत्र्यांत असा थांबणारा दुसरा नव्हता. मी ज्याला त्याला सांगत सुटले होते.

त्या दिवसांत सुलभा एकदा पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, माकाय शिकवा. आबा घराक नसले तर मी काय करतलंय?"

ती बोलली ते बरोबर होतं. उस्तादांचा पहिला नियमच होता, सुटकेचा शब्द घरात निदान दोघांच्या तोंडी हवा. मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "पस्तीस वर्षां एसटी चलयली. गाडीक स्टेरिंग एकच असता. माझो कुत्रो माझाच ऐकूक व्हयो."

सुलभा आत गेली. मी आग्रह धरायला हवा होता. पण खंड्या फक्त एका माणसाचं ऐकतो यात आबांइतकीच मलाही मिजास वाटत होती. कुत्रं जितकं एकाचं, तितकं शिकवणाऱ्याचं नाव मोठं. मी हसून म्हटलं, "मास्तर एकच बरा." हे वाक्य मला अजून सोडत नाही.

त्या गावात गावपळण असते. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री हद्दीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. घरात दिवा लावायचा नाही, गावात पाऊल ठेवायचं नाही. पलीकडच्या कातळावर झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, झोपड्या उभ्या राहतात, भजनं होतात, एकत्र जेवणं होतात. चाकरमानी मुंबईहून रजा काढून येतात. तीन दिवसांनी पुन्हा कौल मिळाला की गाव परत. कुणी नवस म्हणा, कुणी रीत म्हणा. ज्यांचं आहे ते मनापासून पाळतात.

भातकापणी होऊन गेली होती. निघायच्या सकाळी आबांच्या बेड्यासमोर टेम्पो उभा होता, बकऱ्या चढवायच्या होत्या. वाटेवरून मोटरसायकलींची रांग लागलेली. आबांनी खंड्याला बेड्याच्या आत बसवलं आणि 'थांब' म्हटलं. मग देवळाच्या दिशेने हात जोडायला वळले आणि तसेच वाटेवर कोसळले. महेशने त्यांना रिक्षात घातलं आणि इस्पितळ गाठलं. सुलभाने रडत रडत घर बंद केलं, बादल्या-टोप पालथे घातले, कोंबड्यांची खुराडी टेम्पोत टाकली. तिला वाटलं खंड्या टेम्पोत चढलाय. टेम्पोवाल्याला वाटलं तो सुलभाबरोबर चालत येईल. पलीकडे उतरल्यावर कळलं, तोवर ढोल वाजून गाव बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "बाई, खंड्या आत रवलो."

"आत म्हणजे कुठे?"

"गावात. बेड्यार. आबांनी तेका थांब म्हणान सांगलेला. आणि आबांची वाचा गेली, बाई. उजवो हातय गेलो."

मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. व्हाळाच्या अलीकडच्या काठावर सुलभा उभी होती. वाफ्यांपलीकडे ते बेडं स्पष्ट दिसत होतं, आणि बेड्याच्या आत काळा ठिपका. एक दिवस उलटून गेला होता. घरात पाण्याचा थेंब नाही, विहीर खोल, व्हाळाचं पाणी बेड्याच्या बाहेर. त्याच्या लेखी 'थांब' म्हणजे बेडं ओलांडायचं नाही, एवढंच; मधूनमधून तो उठून माडाच्या सावलीत जायचा आणि पुन्हा येऊन बेड्याशी बसायचा. बेडं उघडंच होतं.

सुलभाने हाक मारली. त्याने शेपटी हलवली, पुढचा पाय उचलला, तसाच पुन्हा ठेवला. मग मी हाक मारली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, माझा आवाज ऐकल्यावर खंड्याने मान वळवली आणि पाठ ताठ केली. शिकवलं होतं तसंच. मी पुन्हा हाक मारली, मग ओरडले.

"बाई, तुमी नको," सुलभा म्हणाली. "तुमची हाक ऐकल्यार तो आणी घट्ट बसता."

कुणाच्या तरी मोबाईलमध्ये आबांचा भजन गातानाचा आवाज होता. टेम्पोच्या स्पीकरवर लावला. खंड्या ताडकन उठला, घराकडे धावला, बंद दरवाजा हुंगला, मागच्या अंगाला गेला, सगळं घर शोधून आला आणि पुन्हा बेड्याशी बसला. आम्ही स्पीकर बंद केला.

मी गावच्या मानकऱ्यांकडे गेले. तात्या नावाचे सत्तरीचे गृहस्थ, झोपडीसमोर पान जुळवत बसले होते. मी बाहेरची, गावची रीत मला लागू नाही, मी एकटी जाऊन त्याला उचलून आणते, असं सांगितलं.

"पाय ठेवूक गावणा नाय, बाई. तुमी भायरच्या असलात तरी माणूसच. कौल झालेलो आसा."

मी लोकांच्या घरी पुस्तकी मराठी बोलते, पण राग आला की मालवणीवर येते. "तात्यानू, कुत्रो तहानेन मेलो तर गावाक बरा वाटतला? परत जाताना पयला पाऊल तेच्यार पडतला तुमचा!"

सुलभा माझा हात ओढत होती. तिला पुढे याच गावात राहायचं होतं. तिच्या घरासाठी रीत मोडली असं झालं असतं तर आबांच्या आजाराचंही खापर तिच्यावर फुटलं असतं. हे मला कळत होतं आणि तरी माझे पाय व्हाळाकडे वळत होते. तात्यांनी पान तोंडात घातलं, उठले आणि काठापर्यंत आले. बराच वेळ खंड्याकडे बघत राहिले. मग वरच्या अंगाला बघितलं.

"माणसाक बंदी आसा," ते म्हणाले. "पाण्याक खंय आसा? औंदाचो बांध म्हयनोभर आदी घालूया."

मला कळायला वेळ लागला. दरवर्षी थंडीत गाव या व्हाळाला दगड-मातीचा बांध घालून पाणी अडवतं आणि पाटाने बागांत नेतं. बांधाची जागा वरच्या अंगाला, हद्दीबाहेर. तिथून पाट अलीकडच्या काठाने येतो आणि माडाच्या पोकळ खोडाच्या पन्हळीतून व्हाळ ओलांडून थेट गडग्याच्या आतल्या आबांच्या पोफळीत उतरतो.

अर्ध्या तासात चाळीसएक माणसं व्हाळात होती. मुंबईहून आलेले, पॅन्टी दुमडलेले, बायका, म्हातारे. कुणी दगड लावत होतं, कुणी टाळे, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून आणत होतं, मी चिखलाची घमेली वाहत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या अंगातल्या चुळबुळीचा कुणाला तरी उपयोग झाला. दुपारी पाणी चढलं आणि पाटात शिरलं. पण उन्हाने तापलेला पाट पाणी पिऊन टाकत होता, कुर्ल्या-खेकड्यांच्या बिळांतून निम्मं वाहून जात होतं. आम्ही पाण्याच्या पुढे पुढे बिळं बुजवत पन्हळीपर्यंत आलो. तिथे सगळे थांबले. पाणी पन्हळीतून पलीकडे गेलं.

पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं, मध्ये पोफळी होत्या. आम्ही फक्त खंड्याकडे बघत होतो. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग त्याचा उभा असलेला एक कान हलला. तो उठला, वळला, वास घेत चार पावलं गेला आणि त्याची मान खाली गेली. आम्हाला त्याची पाठ आणि शेपटी एवढंच दिसत होतं. मान बराच वेळ वर आली नाही. सुलभा मटकन खाली चिखलात बसली. मागून कुणीतरी देवाच्या नावाने गजर केला आणि चाळीस माणसांनी तो उचलला.

मग सुलभाने पोफळीची विरी, म्हणजे गळलेल्या झापाचा चामड्यासारखा रुंद बुंधा, फाडून होडीसारखा तुकडा केला, त्यावर भाकरीचे तुकडे ठेवले आणि पाटात सोडला. दोन होड्या पन्हळीत अडकल्या, तिसरी पोचली. ती पाटातून कुंपणाच्या आत येत होती, त्यामुळे खंड्याच्या हिशेबात त्यात काही गैर नव्हतं.

तिसरी रात्र सरेपर्यंत तो तगला. कौल मिळाला, गाव परतलं. सुलभा सगळ्यांच्या पुढे धावली. बेड्यातून आत गेली तेव्हा तो तिच्या अंगावर चढला, तिला चाटत लोळला. पण ती बाहेर येऊन 'चल' म्हणाली तर आला नाही. आणि खरं संकट तिथून सुरू झालं. आबा तीन आठवड्यांनी घरी आले. त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणलं. खंड्या आनंदाने त्यांच्या पायाशीच मुतला, विव्हळला, तासभर मांडीवर डोकं ठेवून बसला. मग उठून बेड्याशी गेला. पडवीवर झोपेना, उन्हात बसून राही, अर्धं अन्न टाकी. आबांनी त्या सकाळी सांगितलेलं 'थांब' अजून कुणी संपवलं नव्हतं. ते संपवणारा शब्द ज्या एका माणसापाशी होता त्याला बोलता येत नव्हतं आणि उजवा हात उचलता येत नव्हता.

मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. या वेळी आबांना विचारलं नाही. सुलभाच्या हातात दोरी दिली आणि पहिल्यापासून सुरू केलं, तीन आकडे मोजण्यापासून. आबा पडवीवरच्या खुर्चीतून बघायचे. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटला. दुसऱ्या खेपेला तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टरांनी त्यांना अक्षरांचा सराव करायला सांगितलं होतं, तोही करेनात. मला वाटायचं, या माणसाकडे उरलेली एकच गोष्ट मी काढून घेतेय. पण एकदा त्यांचा मान राखायला गेले आणि काय झालं ते बघितलं होतं. शिकवत राहिले.

दोन महिन्यांनी एका सकाळी सुलभाने खंड्याच्या डोक्यावर हात ठेवून 'चल' म्हटलं आणि तो बेड्याबाहेर आला. बाहेर येऊन गोंधळून उभा राहिला, मग खाली बसून अंग खाजवू लागला. सुलभा ओठ चावत होती. त्या दिवसापासून तो पडवीवर झोपू लागला.

पुढच्या आठवड्यात मी शेवटचं बघायला गेले. आता सुलभाच्या एका शब्दावर तो आतबाहेर करत होता, मी निश्चिंत होते. तिने त्याला बेड्याच्या आत बसवलं आणि 'थांब' म्हटलं. मग 'चल' म्हणायच्या ऐवजी ती पडवीवर गेली. महेशच्या मदतीने आबांची खुर्ची ढकलत बेड्यापर्यंत आणली, आणि त्यांच्यामागे उभी राहिली.

"आबानू, तुमी सांगा."

आबांनी मान फिरवली. ती तशीच उभी राहिली. खंड्या तिच्याकडे बघत होता. तिने मुद्दाम नजर माडाच्या शेंड्याला लावली. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. खंड्याने मग आबांकडे बघितलं.

आबांचं तोंड हललं. काही आलं नाही. पुन्हा हललं, कपाळाची शीर फुगली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि मग घशातून काहीतरी निघालं. "अल." तेवढंच.

शब्द अर्धवट असला तर कुत्र्याला उठू द्यायचं नाही, नाहीतर शिकवलेलं सगळं बिघडतं. बावीस वर्षं मी हे घरोघरी बजावत आले. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी गिळलं.

खंड्या उठला. पुढचा पाय बेड्याखालच्या उंबऱ्यासारख्या दगडावर ठेवला, आबांकडे एकदा वळून बघितलं आणि बाहेर गेला.

आबांनी डावा हात मांडीवर आपटला. अर्धं तोंड हसत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अल," ते पुन्हा म्हणाले. बाहेर गेलेला खंड्या आत आला. "अल." तो बाहेर गेला. "अल." आत आला. सुलभा हसत होती, मी पदराने तोंड पुसत होते, खंड्या आतबाहेर करून धापा टाकत होता, आणि आबा काही थांबेनात.